ढब्बूच्या नोंदी आणि आपलं एकच खातं

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं नमस्काराच्या अवस्थेत आहेत असं मात्र समजू नये. उजवा हात आज सकाळी एका मांजराने फोडला आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे. अक्षरातला जो भाग वाकडा दिसेल तो मांजराचा, आणि जो दाबून लिहिलेला दिसेल तो माझ्या वैतागाचा, असं धरून वाचावं.) इथे खरं म्हणजे तुमच्या प्रकृतीची चौकशी करायची असते. पण सध्याच्या परिस्थितीत ती केली तर तुम्ही तिचा भलताच अर्थ लावाल, म्हणून ती ओळ मी कोरी सोडतो आहे. आमच्या प्रकृतीचं म्हणाल तर तुमची बहीण ठणठणीत आहे, सासूबाई आमच्याकडेच आहेत आणि माझ्यावर नाराज आहेत, आणि मी स्वतः गेले काही दिवस संगणकासमोर बसून दात-ओठ खातो आहे.

पत्र लिहायची वेळ आली कारण तुम्ही माझा फोन उचलत नाही. दवाखान्याच्या नंबरवरून केला तर वाजू देता. दवाखान्यातल्या बाईंच्या फोनवरून केला तर माझं नुसतं 'हॅलो' ऐकून ठेवून देता. परवा तर मी आवाज बदलून, पंखा दुरुस्त करणारा म्हणून फोन केला. तुम्ही मला पत्ता सांगितलात, वेळ सांगितली, पंख्याचा आवाज कसा येतो तेही करून दाखवलंत, आणि मग मी 'दादा' म्हणालो तशी खटकन लाइन कापलीत. (पंख्याचं म्हणाल तर तो आवाज तेल नसल्याचा आहे. बाकी काही झालेलं नाही.) कॉलेज संपल्यावर मी कोणाला हाताने पत्र लिहिलेलं नाही. जनावरांच्या डॉक्टरला पत्र लिहायची गरज पडत नाही, त्याचे पेशंट वाचत नाहीत.

तर आता मूळ भानगड पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुमच्या डोक्यातला राग निवळेल आणि माझ्या डोक्यातला तुम्हाला कळेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक घड्याळं दुरुस्त करणारे काका आहेत. एकटेच राहतात. एकटे म्हणजे त्यांचा ढब्बू धरला नाही तर. ढब्बू हा एक तपकिरी, वयस्कर, दिवाणाएवढा कुत्रा. दुकानात काउंटरच्या खाली झोपतो आणि काका डोळ्याला भिंग लावून काम करताना त्याच्या पाठीवर पाय ठेवतात, ही त्यांची गेल्या कित्येक वर्षांची बैठक आहे. या ढब्बूच्या पोटात गाठ निघाली. गाठ काढली तर कुत्रा अजून चांगली तीन-चार वर्षं काढेल, नाही काढली तर ती आत फुटेल, आणि ती कधी फुटेल हे मी सांगू शकत नाही. हे ऑपरेशन माझ्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात होण्यासारखं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या पशुरुग्णालयात यासाठीचे एक सर्जन फक्त शनिवारी येतात. त्यांच्याकडे या शनिवारची जागा मी हातापाया पडून मिळवली. त्यांनी एकच अट घातली: कुत्र्याचा सगळा पूर्वेतिहास त्यांच्या नमुन्यात, संगणकावर टाइप करून पाठवायचा. हाताने लिहिलेलं चालणार नाही, फोटो चालणार नाही. भूल देताना म्हाताऱ्या कुत्र्याचं काय होईल ते त्यावरूनच ठरतं, म्हणून अट रास्त होती. माझं काहीच म्हणणं नव्हतं.

म्हणणं सुरू झालं ते पुढे, कारण ढब्बूचा सगळा इतिहास फोनमध्ये होता. आणि फोनमध्ये का होता, तर माझे दोन्ही हात कायम कुठल्या ना कुठल्या प्राण्यात गुंतलेले असतात. फोन मी कपाटाच्या फळीवर उभा करून ठेवतो, मोठ्याने 'नोंद कर' म्हणतो, आणि मी बोलेन ते तो लिहून घेतो. तो सगळंच लिहून घेतो. माझ्या नोंदी अशा असतात: 'डावा कान, आतून लाल, थोडा पू, धरा, अहो मान धरा, शेपटी नाही मान, मेलो.' यातला वैद्यकीय भाग कोणता हे मला कळतं. पेशंटचं नाव मी सांगत नाही, कारण पेशंट समोर असतो आणि त्याचं नाव मला माहीत असतं. 'हा' आणि 'ही' एवढ्यावर भागतं. खाली जाऊन जुनं काय लिहिलंय हे मी फोनवर कधी बघत नाही. मी सांगतो, तो लिहितो, असा आमचा संसार सुखाने चालला होता.

आता हा फोन कोणी घेऊन दिला? तुम्ही. दवाखान्यातला संगणक कोणी निवडला? तोही तुम्हीच, विमा कंपनीच्या संगणक विभागात उभी हयात घालवलेला माणूस म्हणून. मग फोन एका कंपनीचा, संगणक दुसऱ्या कंपनीचा, आणि त्या दोन कंपन्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत, ही गोष्ट तुम्हाला आधी माहीत नव्हती का? आपल्याकडे साधी खुर्ची घ्यायची तर आधी टेबलाची उंची मोजतात. तुम्ही दोन्हीकडून 'उत्तम कंपनी आहे' एवढं सांगितलंत आणि मी मान डोलावली. दोघंही आपापल्या जागी उत्तम आहेत हे मी आजही मान्य करतो. एका खोलीत आले की मात्र दोघांचं बिनसतं.

पहिल्या दिवशी मी केबल लावली. फोनची केबल संगणकाच्या भोकात जात नव्हती, म्हणून मधला जोड आणला. जोड आणल्यावर संगणकाने 'टुंग' असा आनंदी आवाज केला आणि मला फोनमधले फोटो दाखवले. नुसते फोटो. त्यात निम्मे जनावरांच्या तोंडाच्या आतले आणि निम्मे माझ्या स्वतःच्या अंगठ्याचे. नोंदींचं नावच नाही. मी केबल काढली, पुन्हा लावली, पुन्हा 'टुंग', पुन्हा अंगठे. दवाखान्यातल्या बाई (त्या नावं लिहून घेतात, औषधं देतात आणि मी काय चुकतो ते सांगतात) म्हणाल्या, "डॉक्टर, फोन बंद करून चालू करा." केला. संगणक बंद करून चालू करा. तोही केला. शेवटी त्या माझ्याकडेच अशा नजरेने बघायला लागल्या की मी उठून पोपटाची नखं कापायला गेलो.

दुसरा उपाय ईमेलचा. प्रत्येक नोंद स्वतःच स्वतःला पाठवायची आणि संगणकावर उघडायची. पाठवल्या, पण मी मला पाठवलेली पत्रं माझ्याच ईमेलने संशयास्पद ठरवून कचऱ्यात टाकली. तिसरा उपाय असा की मी फोनवरून वाचायचं आणि बाईंनी टाइप करायचं. हा चालला असता. पण आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये नुसता पडदा आहे आणि बाहेर लोक आपापली जनावरं मांडीवर घेऊन बसलेले असतात. मी खणखणीत आवाजात 'मालकीण लाड करते, दोष कुत्रीचा नाही' हे वाचलं आणि बाहेरून एक बाई कुत्री काखोटीला मारून निघून गेल्या. त्या नेमक्या त्याच होत्या.

मग मात्र मी शरण येऊन तुम्हाला फोन केला. (तेव्हा तुम्ही फोन उचलत होता. ते दिवस आठवले की गलबलून येतं.) तुम्ही मला आधी तुमच्या विभागात अशा अडचणी कशा सोडवल्या जायच्या ते सविस्तर सांगितलंत. मग म्हणालात, त्यात काय एवढं, फोनच्या कंपनीच्या वेबसाइटवर जा, आपल्या खात्याने आत शिर, सगळ्या नोंदी तिथे असतात, संगणक कोणाचाही असो. हे एक वाक्य तुम्ही आधी बोलला असता तर माझा चष्माही वाचला असता. (नखं कापताना पोपट त्याची काडी घेऊन ट्यूबलाइटवर जाऊन बसला.) असो. मी आत शिरायला गेलो. पासवर्ड बरोबर होता. त्यावर तिथे आलं की आता एक कोड पाठवला आहे, तो टाका. कोड कुठे पाठवला? तुमच्या फोनवर.

इथे मला तुमच्या त्या थोर योजनेची आठवण झाली. आपल्या सगळ्या कुटुंबाला तुम्ही फोन घेऊन दिलेत, आणि दर माणशी वेगळं खातं काढलं तर दर माणशी वेगळा पासवर्ड विसरला जाईल आणि प्रत्येक जण तुम्हालाच फोन करेल, म्हणून सगळ्यांना एकाच खात्यात बसवलंत. तुम्ही, वहिनी, तुमची बहीण, सासूबाई आणि मी. खातं एक, पासवर्ड एक, आणि किल्ली तुमच्या खिशात. त्या दिवशी तुम्ही कोड सांगितलात, मी टाकला, दार उघडलं. आणि आतमध्ये आपलं अख्खं खानदान बसलेलं होतं!

माझ्या नोंदी होत्या, पण त्यांच्या मांडीला मांडी लावून सगळ्यांच्या होत्या. वहिनींची कपड्यांची मापं. तुम्ही सोसायटीच्या अध्यक्षांना लिहायला घेतलेला आणि पहिल्या ओळीतच 'आपल्या निष्काळजीपणाची कमाल' असं म्हणणारा खर्डा. (तो पाठवू नका, पाण्याच्या टाकीबाबत ते बरोबर आहेत.) तुमच्या बहिणीच्या 'यांना सांगायच्या गोष्टी', ज्यांतली एकही तिने मला सांगितलेली नाही. सासूबाईंच्या नोंदींत एकेका ओळीत नुसतं 'अअअअअ'. मी म्हटलं, हाताचा धक्का लागून उमटलं असेल, आणि जाता जाता तो केर काढून टाकला. त्याबद्दल पुढे येईलच.

या गर्दीतून ढब्बू शोधायचा होता. नाव घालून शोधलं तर जेमतेम एक-दोन नोंदी आल्या, कारण मी नाव घेतच नाही. मग मी लक्षणांवरून निवडायला बसलो: नर, आकाराने मोठा, वयस्कर, पोटाची तक्रार. जे जे जुळलं ते उचलून रुग्णालयाच्या नमुन्यात चिकटवत गेलो. मजकूर येत होता, तारखा येत नव्हत्या. तारखा वेबसाइटवरच राहत होत्या, का ते विचारू नका. पण पूर्ण झालं. बाईंनी शुद्धलेखन बघितलं, 'मेलो' आणि 'धरा' काढले, मी पाठवून दिलं, आणि त्या दिवशी मी एखाद्या बादशहासारखा चहा प्यायलो.

तुमच्या-माझ्यात बिनसलं ते याच वेळी, आणि मला पत्ताही नव्हता. वहिनींनी नंतर दबक्या आवाजात सांगितलं म्हणून कळलं. मी आत शिरलो की नाही हे बघायला तुम्हीही तुमच्या फोनवर नोंदी उघडल्यात आणि तुमच्या डोळ्यांपुढे नेमकी एक नोंद आली. ती माझ्यापाशी नमुन्यात चिकटवलेली आहे, तशीच उतरवतो: 'वजन परत वाढलंय. जिना चढला की धाप लागते, छाती धपापते, मध्येच थांबतो, कोणी बघतंय म्हटलं की काही झालंच नाही असं दाखवतो. रात्री घोरता घोरता श्वास मध्येच अडकतो. खाणं निम्म्यावर आणायला हवं. विचारलं की गुरगुरतो. वय झालंय हे मान्यच करत नाही. तपासायला नेऊ म्हटलं तर पळ काढेल, गोडीगुलाबीने न्यावं लागेल.'

दादा, मी तुमच्या पायाची शपथ घेऊन सांगतो, हे ढब्बूबद्दल आहे. हे तुम्हाला तुमच्याबद्दल वाटलं, यात माझा काय दोष? जिना, धाप, घोरणं या गोष्टी पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याला लागू पडतात. मी तुम्हाला धापा टाकताना जन्मात बघितलेलं नाही. तुम्ही तर आम्हा सगळ्यांत तडफदार. वहिनी म्हणत होत्या, ती नोंद वाचल्यापासून तुम्ही ताटातलं अर्धं अन्न रागाने परत करता, आणि लिफ्ट धडधाकट चालू असताना मुद्दाम जिन्याने वर येता, आणि वर आल्यावर बराच वेळ बेल न वाजवता दाराबाहेर उभे राहता. हा कसला हट्ट? मेव्हण्याला धडा शिकवायचा तर त्याला शिव्या द्या, स्वतःचे पाय कशाला दुखवून घेता?

पण माझं दुखणं निराळंच आहे. तुम्ही रुसलात त्याच दिवशी सर्जनचा फोन आला. म्हणाले, "डॉक्टर, हे काय पाठवलंय? जिन्यावर धाप, छाती, झोपेत श्वास अडकतो. अशा हृदयाला मी भूल देणार नाही. आधी हे कधीपासून आहे ते तारखेसकट कळवा, हृदयाची तपासणी करून घ्या, मग बघू." गुरुवारपर्यंत समाधान झालं नाही तर शनिवारची जागा दुसऱ्या कुत्र्याला जाणार. मी ढब्बूला लगेच बोलावलं, टेबलावर घेतलं, छातीला नळी लावली. हृदय एखाद्या चांगल्या घड्याळासारखं चालू. मी तसं सर्जनना कळवलं. ते म्हणाले, काल तुम्हीच लिहून पाठवलंत धाप लागते, आज तुम्हीच म्हणता लागत नाही, मी कोणत्या डॉक्टरवर विश्वास ठेवू? नोंद मीच केली असणार. मला आठवत नाही हे खरं, पण मला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही. मशीन खोटं कशाला लिहील? कदाचित तो एखाद्या दिवशी खरंच दमला असेल. 'गुरगुरतो' हेही मला खटकलं, कारण ढब्बू सुई टोचणाऱ्याचा हात चाटतो. पण लिहिलेलं आहे म्हणजे कधीतरी गुरगुरला असणार.

काकांना सांगावं लागलं. ते बाकावर बसले होते, ढब्बूने त्यांच्या बुटांवर हनुवटी टेकली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पट्टा हाताभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग म्हणाले, "डॉक्टर, त्याच्या हृदयाचं तुम्ही मला कधी बोलला नाहीत." नुसतं एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. मी काहीतरी पुटपुटलो, आणि त्यांनी उलट मलाच 'असू दे' म्हटलं. दादा, मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी आत जाऊन उगाच हात धूत बसलो.

तेव्हा आता करायचं काय, तर ती नोंद पुन्हा उघडून तिची तारीख बघायची. साधं काम. पण फोन आता नाही. सर्जनचा फोन ठेवला तोच तो माझ्या हातून निसटला आणि खाली जंतुनाशकाच्या बादलीत गेला. जंतू मेले असतील, फोनही मेला. तुमच्या बहिणीच्या फोनवर बघायचं तर तिला कारण सांगावं लागेल, आणि सासूबाई मला त्यांच्या फोनला हात लावू देत नाहीत. राहिला संगणक. त्यावर मी वेबसाइट उघडीच ठेवली होती, बंद केली तर परत शिरता येणार नाही म्हणून वर चिठ्ठी लावली होती, 'हात लावू नये'. बाईंनी हात लावला नाही. त्यांनी फक्त खोली झाडताना मागची पिन काढली. आता पुन्हा पासवर्ड, आणि पुन्हा कोड.

असं सगळं आहे. मी या पत्रातून काहीही मागत नाही. तुमचा गैरसमज दूर व्हावा, नात्यात गाठ राहू नये, एवढ्याच शुद्ध हेतूने लिहितो आहे. वहिनींना नमस्कार सांगावा. पंख्याला तेल घालावं.

आपला,
(ज्याचा आवाज तुम्ही ओळखता, असा)
मेव्हणा

ता. क. आता विषय निघालाच आहे म्हणून. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा बुधवार संध्याकाळ असेल. बरोबर सात वाजता मी दवाखान्यात संगणकावर पासवर्ड टाकेन. तुमच्या फोनवर कोड येईल. तो दहाच मिनिटं चालतो. तो आपल्या बहिणीच्या फोनवरून दवाखान्याच्या नंबरवर कळवावा. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, बाई फोन घेतील, त्यांना आकडे सांगा. त्यांनाही सांगायचे नसतील तर खोकून दाखवा, आम्ही मोजू. पण कोड द्या. ढब्बूसाठी द्या. तुम्ही त्याला एकदा पाहिलंय, तुमच्या पिशवीतली बिस्किटं त्यानेच खाल्ली होती.

ता. क. दुसरा. सासूबाईंचं 'अअअअअ' हा त्यांचा पासवर्ड होता. लक्षात राहावा म्हणून त्यांनी नोंदीत ठेवला होता. कशाचा होता ते त्यांना आठवत नाही, आणि 'अ' किती होते ते मला आठवत नाही. पुसलेलं परत आणता येतं असं म्हणतात. आत शिरलो की तेही बघतो. तोवर त्यांना माझ्याबद्दल दोन बरे शब्द सांगावेत.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पत्र तुमची बहीण घेऊन येते आहे. तुम्ही रुसलात इतकंच तिला माहीत आहे, कशावरून ते मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर 'माझ्या भावाला कुत्रा म्हणालात' एवढंच ती ऐकेल आणि पुढचं ऐकायला मी शिल्लक राहणार नाही. म्हणून पाकिटाला डिंकावर वरून जखमेला लावायची चिकटपट्टीही लावली आहे. ती घोड्याच्या पायावरूनही निघत नाही.

*

दादा,

वरचं सगळं ह्यांचं, इथून खालचं माझं. बसमध्ये लिहितेय, खड्डे फार आहेत. चिकटपट्टी निघते. केसांची पिन घातली की निघते.

ती नोंद ढब्बूची नाही. ती तुझीच आहे, आणि ती मी लिहिली आहे. मागच्या महिन्यात तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा, तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून. लिफ्ट बंद होती, तू भाजी घेऊन वर आलास, पिशवी खाली टाकून भिंतीला टेकलास, आणि मला बघितल्यावर गाणं गुणगुणायला लागलास. डॉक्टरांना दाखवताना एकही गोष्ट सुटू नये म्हणून लिहून ठेवलं. तू सगळ्यांना एका खात्यात कोंबलंस म्हणून ती ह्यांच्या हाती लागली. ह्यांना कळलं नाही. माझ्या लिहिण्यातला आवाज इतक्या वर्षांच्या संसारात ओळखता येत नाही, याचं त्यांच्याशी मी घरी गेल्यावर बघेन.

पण त्या सर्जनला कळलं. त्यांनी तुला पाहिलं नाही, तुझं नाव त्यांना माहीत नाही, नुसता कागद वाचून ते म्हणाले, हे हृदय आधी तपासा. ते मी वाचलं आणि लगेच पेन काढलं. आणि तू आमच्यावर चिडून जिने चढतोयस. दादा, मला फार भीती वाटतेय.

मधल्या स्टँडवरून दवाखान्यात फोन करून ह्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, 'दादांना जपून आण.' ढब्बूचं ते सर्जनशी बोलतायत, त्याचं शनिवारी होईल. कोड नको आता कोणाला. वहिनीलाही फोन केला, तिने हृदयाच्या डॉक्टरांकडे आजची सातची वेळ घेतली आहे, तुझ्या नावावर.

हे तू वाचतोयस तेव्हा मी समोर बसलेली आहे आणि काही बोलत नाहीये, कारण मी बोलले की तू गुरगुरतोस आणि वाचायला दिलं की मात्र शेवटपर्यंत वाचतोस. वाचून झालं असेल तर मान वर कर. खाली गाडी थांबवून ठेवली आहे.